सायीतलं व्हिटॅमिन

३ मार्च, सोमवार
शेठ शेवटी हो म्हणाले. म्हणजे हात झटकून. "मॅडम, एक महिना. टाका दुधात तुमचं ते व्हिटॅमिन डी. एकतीसला ऑर्डर वाढली नसेल तर बंद. मग परत डोकं खायचं नाय." तुर्भ्याच्या या डेअरीत अकरा वर्षं दूध तपासते आहे, पहिल्यांदा काहीतरी माझ्या मनासारखं होतंय.
खरं कारण शेठना सांगितलं नाही. गेल्या महिन्यात आई बाथरूममध्ये घसरली, मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं पार ठिसूळ झाली आहेत, पुढच्या वेळी खुब्यावर पडल्या तर पुन्हा चालणं कठीण. गोळ्या दिल्या तर म्हणते उष्ण पडतात, उशीखाली लपवते. दूध मात्र रोज आमच्याच डेअरीचं. मग त्यातच घालावं.

६ मार्च
व्हिटॅमिन डी स्वस्त आहे. लिटरमागे काही पैसे, बस्स. महाग काय, तर पिशवी! नवी छपाई, बाहेरच्या लॅबची फी, डोस टाकायचा पंप. म्हणून लिटरला रुपया वाढला. म्हणजे लोक देणार तो रुपया व्हिटॅमिनचा नाहीच, ते घातलंय हे सांगण्याचा.
शेठ म्हणाले, "म्हातारीचं हाड वाचणार अजून पंधरा वर्षांनी. हॉस्पिटलचा खर्च वाचणार तिच्या पोराचा. माझ्या गल्ल्यात काय पडणार?"
दिवसभर त्याचीच चिडचिड.

११ मार्च
सारसोळ्याला दूध केंद्रावर गेले. तिथल्या मावशींनी अर्धे क्रेट तसेच परत दिले. "ताय, गिऱ्हाईक इचारतं रुपया कशाचा. मी बोलते, हाडांचा. तं बोलतान, आमची हाडं धड हाईत." आणि हसल्या. मीही हसले. गाडीत बसल्यावर रडूच यायचं बाकी होतं.
मोडलेलं हाड दिसतं. न मोडलेलं कुणाला दाखवू?

१६ मार्च, रविवार
दादा तळवलीहून आला. दर रविवारी येतो, आईला भेटतो, तुपाची बरणी घेऊन जातो. आईने एका हाताने लोणी कढवलं होतं, दुसरा प्लास्टरमध्ये. मी कौतुकाने बघत उभी. बरणी कशी रवाळ भरलेली.
आणि एकदम लक्षात आलं.
डी चरबीत विरघळतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. दुधात घातलेलं डी सायीबरोबर वर येणार. आई दूध तापवते, गार करते, साय काढून फ्रिजमध्ये साठवते. खालचं निळसर दूध तिच्या चहाला. सायीचं तूप दादाच्या पोळीवर. मी महिनाभर शेठशी भांडले ते चांगल्या तगड्या बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या हाडांसाठी!
साताऱ्याकडे आमच्या प्रत्येक घरात हेच. इथेही हेच. मी स्वतः वीस वर्षं साय काढते आहे. लॅबमध्ये कागदावर हिशेब केला तेव्हा माझ्या डोक्यात दूध पिशवीतून थेट पेल्यात जात होतं. कसली केमिस्ट मी.

१९ मार्च
उपाय आहे. होमोजिनायझर, साय धरूच न देणारं मशीन. शेठना विचारलं. त्यांनी किमतीवर तोंडच उघडलं नाही, वेगळंच बोलले. "मॅडम, बायका दूध कशावरून ओळखतात? सायीवरून. साय नाय आली तर बोलणार, पाणी घातलंय. रुपया जास्त घेऊन वर चोर ठरू आपण."
बरोबर आहे त्यांचं. हाच तर ताप आहे, प्रत्येकाचं बरोबर आहे.

२३ मार्च, रविवार
दादाला सांगितलं, तूप नेऊ नकोस, आईला सायीसकट दूध पिऊ दे. तो बिचारा बरणी खाली ठेवायला लागला. आई कडाडली. "पोरानं कोरडी पोळी खायची आणि मी साय चापू? जनाची नाही तर मनाची तरी ठेव."
दादा माझ्याकडे बघतोय, मी दादाकडे. शेवटी नेली बरणी. आई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. राग तिचा, तूप त्याचं, आणि वाईट मी.

२८ मार्च, शुक्रवार
ऑर्डर थोडी वाढली. थोडीच. नेरुळच्या दोन सोसायट्या आणि एक शाळा. शेठ आकडे बघत बसले होते, बंद म्हणतील असं वाटलं. म्हणाले, "चालवू अजून सहा महिने. पण मला एक खरं सांगा. तुमच्या घरी म्हातारी आई आहे ना? तिला पोचतं का हे?"
हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. नाही म्हटलं असतं तरी संपलाच असता. "सोमवारी सांगते," म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.
घरी आले ती पर्स न ठेवताच दूध तापवलं. साय न काढता पेला भरला, आईपुढे ठेवला. सगळं सांगितलं. खुबा, डी, शेठ, सोमवार. भांडले नाही, नुसतं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग माझ्या गालावरून चांगला हात फिरवला.
"ठेव तिथं," म्हणाली. "गार झालं की पिते."
गार झालं की साय धरणार. तिलाही माहीत आहे, मलाही. समोर खुर्ची ओढून बसले आहे, बसल्या बसल्या हे लिहिते आहे. पेल्यातून अजून वाफ येते आहे.