मायचं सूप

॥ श्री ॥
लकडगंज, नागपूर
४ फेब्रुवारी २०२४

ती. स्व. देवरावदादास,
भागीरथीचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुले ऐकू येत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं. माझा बीपी गोळ्या खाऊनबी उतरत नव्हता, तर आमच्या पोरानं, अमोलनं, धंतोलीच्या दवाखान्यात बायोफीडबॅक सुरू केलं. भेऊ नको गा! बोटाले चिमटा लावतात, अन् आपलं काळीज कसं धडधडून राहिलं ते पडद्यावर रेघेत दिसते. मशीन नुसतं दाखवते. श्वास हळू करून रेघ आपणच निववायची. गोळ्या सुरूच आहेत.

तिथली मॅडम म्हणे, जिवाले बरं वाटते ते आठवा. मी मायचं तूर पाखडणं आठवलं. तिच्या सुपाच्या तालावर श्वास घेतला, अन् रेघ खरंच शांत झाली. माय ऐकन तर हसन, म्हणन पोरीले बुढी झाल्यावर श्वास घेणं शिकवून राहिले.

तिचा ताप उतरला काय? गावाचं नाव काढलं की अमोल बीपीचा धाक घालते. तू फक्त बोलाव, मी निघालीच समज.

मायले नमस्कार सांग, अन् माझ्यावर लोभ असू दे.
तुझी भागी


काटोल
१३ फेब्रुवारी २०२४

भागीस,
पत्र भेटलं. माय निजून आहे, आता काही त्रास नाही. तू येऊ नको. इलाज अर्धा सोडू नको, अमोलचं ऐक. घरी पाहुणे आहेत, जास्त लिहीत नाही. जिवाले जप वं, मले आता तूच आहे.
देवराव


लकडगंज, नागपूर
१९ फेब्रुवारी २०२४

दादा,
तुझ्या पत्रावर श्री नव्हता, आशीर्वाद नव्हता. तू तर किराण्याच्या चिठ्ठीवरबी श्री काढतं. खोटं लिहिलं, पण सुतकात श्री काढायले तुझा हात धजला नाही. मी अमोलले विचारलं, तर त्यानं मान खाली घातली. आज मीबी श्री काढला नाही.

काहून गा असं केलं? बीपी वाढला असता तर वाढू द्यायचा होता. माय काय पुन्हा मरणार आहे? मले तिचं तोंड पाहायचं होतं, तिच्या पायावर डोकं ठेवून रडायचं होतं.

काल दवाखान्यात रेघ थयथय नाचत होती. सवयीनं डोळे मिटले, सूप ऐकू आलं, अन् रेघ उतरली. मॅडम म्हणे, शाब्बास. मले माझ्याच जिवाचा राग आला. माय नाही, अन् हा निवते कसा? बोटाचा चिमटा काढून तिथंच रडली मी. मॅडम बिचारी हात धरून बसली.

उद्या अमोल मले घेऊन येते, हे पत्र मीच तुझ्या हाती देईन. मायचं सूप कोणाले देऊ नको. लोभ तुटत नाही दादा, म्हणूनच एवढं दुखते.
भागी

ता. क. माय कोणत्या दिवशी गेली ते सांगजो. त्या दिवशी मी तिच्याच सुपाच्या तालावर हसत श्वास घेऊन राहिली होती काय, तेवढं मले कळू दे.