आईचे साडेचार तास

टार्निट, मेलबर्न
रविवार

चि. दीक्षा हिस,

ताईचा सप्रेम जय भीम. तुम्हा सर्वांच्या प्रकृती कशा आहेत, हे विचारायची गरज नाही; ग्रुपवर रोज चौदा फोटो येतात. लिस्बनला तुझ्याकडे आल्यापासून आईचे गाल चांगलेच वर आलेत.

तिने परवा लिहिलेलं मला पाठ झालंय: "दीक्षाने मला लिस्बनहून हेलसिंकीला नेलं. तीन हजार तीनशे साठ किलोमीटर, साडेचार तास, कळलंसुद्धा नाही." खाली भास्करकाकांपासून सगळ्यांचे अंगठे. मीही टाकला. (दात-ओठ खाऊन टाकलेला अंगठा मोबाइलवर तसाच दिसतो, हे एक बरं आहे.) माझा जळफळाट झाला, दीक्षा, लपवू कशाला? नऊ वर्षं मी आईला इकडे बोलावते आहे आणि नऊ वर्षं ती "लांब पडतं गं" म्हणते आहे.

मग म्हटलं, साडेचार तासांचं एवढं कौतुक असेल तर ते आमच्याकडेही आहेत. मेलबर्न ते पर्थ चार तास लागतात, आणि उतरल्यावर पुन्हा ऑस्ट्रेलियाच. (तेवढ्यात तुम्ही अर्धा डझन देश ओलांडता. वरूनच म्हणा, खाली ढगच असणार.) सहाशे-साडेसहाशे किलोमीटर कमी पडत होते, पण ग्रुपवर मोजायला कोण बसलंय? लाँग वीकेंडची तिकिटं काढली. विमान जागेवरच चाळीस मिनिटं खोळंबलं. सगळे वैतागले, तुझे सुजितभाऊजीसुद्धा. मी मात्र खूश, कारण वेळ वाढत होता. ॲडलेड मागे पडून तासभर झाल्यावर पायलट म्हणाला, कसलासा दिवा लागलाय, नो वरीज, आपण परत जातोय. लोक हळहळले. मी घड्याळ बघत होते. दार लागल्यापासून धरलं तर चार तास पस्तीस मिनिटं झाली, म्हणजे तुमच्याहून पाच जास्त! आणि उतरलो मेलबर्नला. मिताली म्हणाली, "मम्मा, वी वेन्ट नोव्हेअर." घरी आलो तर सकाळी वाळत घातलेले कपडे अजून ओलेच होते.

ग्रुपवर मी विमानाच्या पंखाचा फोटो टाकलाय. कोणी विचारलंच तर पर्थ छान आहे.

तुझी ताई,
भावना

ता. क. हेलसिंकीचे फोटो आता पुरेत.

ता. क. २. नको, टाकत राहा. आई त्यात हसते.

ता. क. ३. मुख्य काम राहिलंच. आई भारतात परतण्याआधी तिच्याशी माझ्याकडे येण्याचं बोल. मी विषय काढला की मला रडू येतं, मग ती विचारते, "भावना, तू तिथे सुखात नाहीस का गं?" आणि मी सुखात आहे हे पटवण्यातच फोन संपतो. तू सांग. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. हे एवढं लिहायला मला नऊ वर्षं लागली.