पाणी न पिणाऱ्या बाया

प्रिय नीलम,

आई आणि पत्र! तू म्हणशील, हिचा मोबाइल पुन्हा बादलीत पडला. नाही पडला. पण फोनवर तू "हं आई, बोल" म्हणतेस आणि मागे तुमच्या दालमिलचा धडधडाट चाललेला असतो. मग मी "जेवलीस का" एवढं विचारून ठेवून देते. शिवाय पत्र पोचवायला माणूस आयताच मिळाला. भागीरथाबाईच्या हातात माझं पाकीट पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. तिने तुझी चहाडी केलेली नाही. तिने जे सांगितलं ते ऐकून माझा ऊर असा भरून आला आहे की गल्लीत कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालंय.

झालं असं, की परवा शेजारच्या गंगूबाईच्या नातवाचं बारसं होतं. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, बाया आपापले घोळके करून बसल्या. मला हल्ली खाली बसणं नको वाटतं, म्हणून मी दाराजवळची खुर्ची धरली. गंगूबाईची धाकटी बहीण, हीच भागीरथा, रंगात येऊन सांगत होती, की ती अकोल्याला दालमिलमध्ये दाळ निवडायला जाते, आणि तिथे बायांचं काम बघायला वर्षभरापूर्वी एक म्याडम आली आहे. 'नीलम म्याडम' ऐकलं आणि मी कान टवकारले. गंगूबाई मला डोळ्यांनी विचारत होती, सांगू का हिला? मी डोळे वटारले. आपल्या लेकीची तारीफ परक्या तोंडातून ऐकायचं सुख काही रोज मिळत नाही, ते मी फुकट का घालवू?

तुझी बाजू तू कधी सांगणार नाहीस, तुझा स्वभावच तसला. म्हणून तिची बाजू ऐक. दर महिन्यात ती चार-दोन दिवस घरी, आणि कारण कायम एकच, ताप. तुमचा तो शालिकराम मुकादम साऱ्यांसमोर म्हणायचा, "भागीरथाचा ताप लय हुशार हाये, पगाराच्या दिवशी बराबर उतरते." बाया हसायच्या, तीही हसायची. घरात कमावणारी ती एकटी, पोरीचं नर्सिंगचं शिक्षण त्याच रोजीवर चाललेलं. शेठने तुला सांगून ठेवलं होतं, हिला काढ आणि दुसरी बघ. हे तिच्याही कानावर आलं होतं. म्याडम भेटायचं म्हणते असा निरोप मिळाला तेव्हा ती पदर खोचून भांडायच्या तयारीनेच बसली होती. आणि तू तिला ऑफिसात बोलावलंच नाहीस. जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी पोत्यावर येऊन बसलीस. "मले वाटलं, आता इचारते, काहून येत नाही म्हणून. तं ते म्हणे, भागीरथाबाई, तुमी नसल्या का काम मागं रायते. तुमाले इथं यायले काय अडचण होते?" हे सांगताना ती इकडेतिकडे बघत होती, बाकीच्या बायांना कळलं की नाही म्हणून. मला कळलं. इतकी वर्षं अंगणवाडीत बायांशी बोलते आहे मी, पण तो प्रश्न मला सुचला नसता.

तरी तिने तुला तापच सांगितला. तू तिला खोटं पाडलं नाहीस. पण हेही स्पष्ट सांगितलंस, की अशाच रजा पडत राहिल्या तर शेठपुढे माझं फार दिवस चालणार नाही, तेव्हा काय ते आपण दोघी मिळून लवकर बघू. हे मला फार आवडलं. गोड बोलून तिला अंधारात ठेवलं नाहीस.

मग तुला ती बाटली दिसली. भर मे महिना, अकोल्याचं ऊन, वर टिनाचं छप्पर, आणि भागीरथाची पाण्याची बाटली संध्याकाळी जशीच्या तशी भरलेली. तिचीच काय, सगळ्याच जणींची. तुमच्या मिलमधली रीतच ती म्हणे. नवी बाई कामाला लागली की जुन्या बाया आधी तिला हे शिकवतात, मग दाळ निवडायला शिकवतात: घरून जाऊन यायचं, आणि इथे फक्त ओठ ओले करायचे. कारण संडास गोदामामागे, वाटेत हमाल नि ट्रकवाले पत्ते कुटत बसलेले, आणि दाराला आतून कडी नाही. वाईट याचं वाटतं, की हे गाऱ्हाणं म्हणून कुणी सांगतच नव्हतं, कामाची शिस्त म्हणून सांगत होत्या. भागीरथाला सारखी लघवीची जळजळ, मग थंडी वाजून ताप. म्हणजे तापाचं ती खरंच सांगत होती गं. त्याच्या अलीकडचं सांगायला जीभ रेटत नव्हती.

आणि शेठपुढे तू तिचं नावच घेतलं नाहीस! "म्याडमनं सारं सोतावर घेतलं, माय," असं तिने दोनदा सांगितलं. तू म्हणालीस, शेठजी, मी स्वतः इथे सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही, का ते तुमच्या सूनबाईंना विचारून बघा. नीलम, ते खरं होतं ना? इथे आलीस की चप्पल काढायच्या आधी तांब्याभर पाणी घटाघटा पितेस आणि मी म्हणते, प्रवासाने तहान लागली असेल. मला तिथेच रडू आलं. बारशाच्या घरी रडायचं नसतं म्हणून घुगऱ्या तोंडात कोंबल्या. पुढचं ऐकून मात्र ताठ बसले. ऑफिसशेजारचं फक्त शेठसाठी असलेलं बाथरूम बायांसाठी उघडलं, कडी लागली, नवं बांधायला घेतलं. भागीरथाला तू दवाखान्यात पाठवलंस, औषधं संपेपर्यंत हलकं काम दिलंस. आता तिच्या रजा जवळजवळ थांबल्या. आणि तुझा तो नियम, की सकाळी फोन करून 'आज जमत नाही' म्हटलं तरी पुरे, काय दुखतं ते चारचौघांत कुणी विचारणार नाही! मुकादमाला तो पटला नाही म्हणे. न पटू दे.

शेवटी गंगूबाईच्या पोटात राहिलं नाही. मी कोण ते कळल्यावर भागीरथाने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "तरीच! तुमीच शिकवलं असंन तिले." खरं तर मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, मग! घरी येऊन तुझ्या बाबांना सगळं सांगितलं, तर पेपर खाली न करता म्हणाले, "माझ्यावर गेली." या घरात श्रेयाला वाटेकरी फार. बाकी ते मजेत आहेत. मोर्शीच्या मामाने संत्री खायला बोलावलं होतं, मी त्यांना एकट्यांनाच पाठवलं. बसचे धक्के मला नको वाटतात. पाण्याच्या बादल्याही आता तेच उचलतात, आणि बायको साहेबीण झाली म्हणून गल्लीभर सांगत फिरतात.

आता ज्यासाठी कागद हातात घेतला ते लिहिते. माझं अंग बाहेर येतं, नीलम. दोन उन्हाळे झाले. पोरीबाळींना फळ्यावर चित्रं काढून शरीर समजावून सांगणारी मी, स्वतःचं दुखणं 'कंबर धरली' म्हणून चालवत आले. भागीरथा बोलत होती तेव्हा मला सारखं वाटत होतं, तिच्या जागी मी असते आणि तू येऊन शेजारी बसली असतीस, तर मी सांगितलं असतं. मग म्हटलं, तू यायची वाट तरी कशाला बघू? काल एकटीच डॉक्टरणीकडे जाऊन आले. ती म्हणाली, गर्भाशय खाली सरकलंय, ऑपरेशन करावं लागेल, घाबरण्यासारखं काही नाही, पण आता लांबवू नका. बाबांना अजून सांगितलेलं नाही, तू जवळ असलीस की सांगेन. आजवर प्रत्येक फोनवर तुला म्हणत आले, मला काही झालेलं नाही, तू तुझी नोकरी सांभाळ. ते शब्द मी मागे घेते. रजा काढ आणि ये. मला भीती वाटते, बेटा, आणि तुला ते सांगायची मला लाज वाटत नाही.

तुझीच,
आई