'आपण'मध्ये कोण कोण

३ नोव्हें., सोमवार

बी.पी. १४६/९०. गोळी घेतली.

निखिलला सांगून टाकलं, २९ तारखेचं तिकीट काढ. एकटीचं. परतीचं काढू नकोस. तो 'का' म्हणाला. मी म्हटलं, विट्याचं घर किती दिवस बंद ठेवायचं. तो 'बरं' म्हणाला आणि डबा घेऊन इंडस्ट्रियल एरियात कामावर गेला. एवढा मोठा निर्णय, पण बोलणं जेमतेम जिना उतरेपर्यंत टिकलं.

पाच महिने झाले चंदीगडात. मुलगा चांगला, सूनही चांगली. पंजाबी असून आई म्हणते, तोडकंमोडकं का होईना माझ्याशी मराठीत बोलते. जेवण गरम, गादी मऊ. तरी रोज काहीतरी टोचतंच. आज सकाळी हरलीन माझ्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "आई, आम्ही रविवारी सुखना लेकला जाऊ?" म्हटलं, जा की, मला कशाला विचारतेस, मी आहे घरी. तिचं तोंड एवढंसं झालं. परवानगी दिली, आणखी काय करायचं मी?

५ नोव्हें., बुध.

आज पाणउतारा झाला. मीच पुढाकार घेतला होता. हरलीनला म्हटलं, आपण भाजी आणायला जाऊ. साडी बदलून, केस विंचरून बाहेर येते तो ही गायब. गाडी काढून एकटी निघून गेली. अर्ध्या तासानं दोन पिशव्या भरून हजर. मटार, मुळा, मेथी. वर विचारते, काही राहिलं का. आणि मी चांगल्या साडीत सोफ्यावर.

भांडी घासली. तिनं घासलेलीसुद्धा.

तीस वर्षं नर्स होते. पेशंट तोंडावर नको म्हणाला तरी मनाला लावून घेतलं नाही. हे मात्र लागतं.

९ रवि.

दोघं सुखनाला. मी दिवसभर गच्चीवर, उन्हात. या एयरोसिटीत विमानं इतक्या खालून जातात की बोलता बोलता वाक्य सोडून द्यावं लागतं. आज बोलायला कोणी नव्हतं, त्यामुळे त्रास नाही.

संध्याकाळी आली. माझ्यासाठी भाजलेली रताळी आणली, लिंबू-मसाला लावून. कागदात गुंडाळलेली, अजून कोमट. खाऊन फार बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

पिशवी रिकामी केली तर पराठ्यांचे तीन डबे. दोन रिकामे, एक भरलेला, उघडलेलाच नाही. आणखी कुणाला बोलावलं होतं कोण जाणे.

१२ बुध.

कुसुमचा फोन, विट्याहून. धाकटी बहीण, तिच्यापाशी काही लपत नाही. सगळं सांगितलं. म्हणाली, "आक्का, ती दोघं 'आम्ही' झाली, तू राहिलीस पाहुणी. मान आहे तोवर परत ये."

बरोबर आहे तिचं. दिवसातून दहादा ऐकते मी ते. आम्ही जेवू. आम्ही पिक्चर बघू. आम्ही तुमच्या गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाऊ. गुडघा माझा आणि जाणार हे.

१५ शनि.

सेक्टर २२ मध्ये, विहीणबाईंकडे. जाण्याआधी एकदा भेटून यावं म्हणून हरलीनबरोबर गेले. खाली दुकानं, वर घर, जिना असा की गुडघ्यानं शिव्या दिल्या. बाई मोकळ्या स्वभावाच्या. हिंदी थोडं, पंजाबी भरपूर. हरलीन पनीर आणायला खाली गेली तशी माझं मनगट धरून म्हणाल्या, "चलो भैणजी, आपां चा पीये."

मी उठून चालू लागले. ओट्यापाशी पोचल्यावर लक्षात आलं, हे कुणी मला उलगडून सांगितलंच नव्हतं. विचारलं, आपां मतलब?

"आपां मतलब तुसी ते मैं." तुम्ही आणि मी.

हरलीन फोनवर आईशी बोलताना 'असीं' म्हणते, ते काय मग? त्या हसल्या. "असीं कहां, तां तुसी बाहर." असीं म्हटलं तर तुम्ही बाहेर, असं दाराकडे हात करून दाखवलं.

म्हणजे आपलंच की. आपण आणि आम्ही. अगदी तसंच.

पण मग आणखीच वाईट वाटलं. हा फरक हिच्या माहेरच्या बोलीत आहे, तर हिला कळत नाही असं कसं म्हणायचं? मुद्दाम म्हणते की काय? घरी आले. बी.पी. मोजलं नाही.

१६ रवि.

विचारलं. गच्चीवर मटार सोलत होतो दोघी. या वयात सुनेला घाबरते मी. म्हटलं, हरलीन, तू आम्ही म्हणतेस तेव्हा त्यात कोण कोण?

"आम्ही म्हणजे हम. मी, निखिल, तुम्ही."

आणि आपण?

"आपण म्हणजे आप ना? रिस्पेक्टवाला."

पोरीनं मराठी रचलं ते शाळेतल्या, ऑफिसातल्या हिंदीवरून. पंजाबीकडे तिचं लक्षच गेलं नाही. म्हणजे मी 'आपण जाऊ' म्हटलं की तिला 'आप जाइए' ऐकू यायचं. भाजीचा हुकूम समजून धावत सुटली होती ती. आणि तो तिसरा डबा माझाच. तिला वाटलं, आई यायला नको म्हणाल्या.

विमान आलं. ते जाईपर्यंत थांबलो. मग खाली बघतच म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही खूश असल्या की तू म्हणता, आणि रागावल्या की आपण. रोज रागावायच्या तुम्ही."

हसू आलं आणि त्यातच रडूही. तिला सांगितलं, मला फार एकटं वाटत होतं गं इथे. ती म्हणाली, मलापण. एवढं बोलायला पाच महिने लागले आम्हाला.

आयुष्यभर पेशंटना 'आपण सुई घेऊ या हं' म्हणत आले, आणि टोचली एकट्या त्यालाच. 'आपण'चा घोळ मी काही कमी घातलेला नाही.

१७ सोम.

निखिलला दोघींनी मिळून फैलावर घेतलं. 'आम्ही' चुकतंय हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक. का नाही सांगितलंस? तर म्हणे, गोड वाटायचं. आणि आम्ही दोघी गप्प गप्प झालो तेव्हा? "मध्ये पडलो तर वाढेल असं वाटलं." हरलीननं त्याला हिंदीत झापलं, मी मराठीत. बिचारा पोळीचा तुकडा हातात घेऊन आळीपाळीनं दोघींकडे बघत होता.

अंथरूण घालताना एक गोष्ट मनात आली. चूक हरलीनची झाली, कारण ती माझ्या भाषेत बोलायला आली. निखिल तिच्याशी हिंदीत बोलतो, माझ्याशी मोबाइलमध्ये बघत. त्याची चूक व्हायला तो बोलला तर पाहिजे. या गावात ती मराठी आणखी कुणाशी बोलणार होती? माझ्यासाठीच शिकली. पाच महिने मी तिचा एक शब्द धरून बसले आणि हे एकदाही सुचलं नाही. देवा, विहीणबाईंना सुखी ठेव. त्यांच्या चहानं सगळं उघडं पडलं.

२० गुरु.

बी.पी. १३०/८०.

आज खरं भांडण. गैरसमजाचं नव्हे, खरं. हरलीन म्हणाली, मी घासलेली भांडी परत घासू नका, मला ते थपडेसारखं लागतं. मी म्हटलं, तू दार लावून फोनवर बोलतेस, मला वाटतं माझ्याविषयीच. ऑफिसची मीटिंग असते, म्हणाली. मग सांगत जा. तुम्ही विचारत जा. आवाज चढले. मध्ये विमान गेलं, तरी कुणी थांबलं नाही.

भांड्यांचं कबूल केलं. खिडक्या उघड्या ठेवण्याचं मिटलेलं नाही. ती म्हणते धूळ आणि थंडी, मी म्हणते वारा. संध्याकाळी राग तसाच ठेवून तिनं चहा आणून दिला. साखर मला लागते तेवढी. गळू फुटलं की दुखतं, पण ठणका जातो.

२२ शनि.

तिकीट आहे तसंच आहे. निखिल विचारत नाही, ती त्याची सवय. हरलीनही विचारत नाही. माझ्यावर जोर होईल म्हणून असेल.

माझंही ठरत नाही. विट्याची ओढ आहे, ती काही रुसव्यापोटी नव्हती सगळी. माझी किल्ली, माझा ओटा, मराठीत भांडणारी शेजारीण. एका शब्दाचा गुंता सुटला म्हणून इथलं घर माझं होतं का? आणि गेले, तर हिचं मराठी कोण ऐकणार?

दुपारी तिघं बाहेर जेवलो. विचारताना ती 'आम्ही' म्हणाली, थांबली, आणि 'आपण' म्हणाली. मी आधीच चपला घातल्या होत्या.

२५ मंगळ.

दुपारी कुसुमचा फोन. शनिवारी निघतेस ना, घर झाडून ठेवू का, दूध सांगू का. बहीण जीव लावते. मी म्हटलं, "थांब जरा. आमचं अजून ठरलेलं नाही."

ती म्हणाली, "आमचं म्हणजे कुणाकुणाचं, आक्का? तिकीट तर तुझं एकटीचं आहे ना?"

नंतर करते म्हटलं आणि फोन ठेवला.

हरलीन समोर मेथी निवडत होती. मान वर केली नाही तिनं, पण हात थांबले होते. मग पुन्हा निवडायला लागली. मीही एक जुडी पुढ्यात ओढली.