दालन क्रमांक दोनची आमंत्रणं

सोमवार, ३ जून

ठण्ण! — शाळेच्या व्हरांड्यात टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाई हातोडीनं एकच ठोका द्यायचा आणि आम्ही कवितेच्या तासाला धावायचो. साठ वर्षांनी आज सकाळी तोच नाद! डोळे मिटून घेतले. मास्तर, फळा, उन्हात तरंगणारी खडूची धूळ...

मोबाइल होता. सूनबाईनं कालच घेऊन दिलेला. 'आढावा बैठक, मंगळवार, सकाळी दहा, दालन क्रमांक दोन.'

नकाशा विभागातून निवृत्त होऊन मला नऊ वर्षं झाली! ही म्हणाली, "डबा बांधून देऊ का?"

मंगळवार, ४ जून

दुपारपर्यंत सात आमंत्रणं. प्रत्येकाला 'नाही' दाबलं. खाली कारणासाठी चौकोन असतो. कोरडा नकार बरा दिसत नाही, म्हणून भुजंगप्रयातात लिहिलं — 'पुरे बैठका या, पुरे हा तगादा.' वृत्त कसं चोख बसलंय!

संध्याकाळी आणखी पाच आली.

पण खरं सांगायचं तर — बरं वाटलं. आठवण आहे म्हणायची.

बुधवार, ५ जून

आठवण कसली! सूनबाईनं फोन पाहिला आणि हसत सुटली. "अहो बाबा, तुम्हाला कोणी बोलावत नाहीये. हे कॅलेंडरच तुमचं आहे!"

मग आठवलं. ऑफिसात बैठकीच्या दालनावरून रोज भांडणं व्हायची, म्हणून मीच हे कॅलेंडर केलं होतं, घरच्या ई-मेलवरून. जाताना कपाटाची किल्ली दिली, पट्टी दिली, रंगाच्या बाटल्या मोजून दिल्या. कॅलेंडर कोणी मागितलंच नाही!

"पुसलंत तर त्यांच्या सगळ्या बैठका जातील. तुमच्या त्या साहेबांच्या नावावर करून टाका. एक बटण दाबायचं."

साहेबांच्या? माझ्या निरोप समारंभात मी बारा कडव्यांची कविता वाचायला उभा राहिलो. 'निघालो घरी आज ठेवून पट्टी —' तिसरं कडवं अर्ध्यात होतं आणि या गृहस्थांनी टाळ्या सुरू केल्या! "वा वा! चला, चहा गार होतोय." नऊ वर्षं साडेनऊ कडवी घशात अडकली आहेत माझ्या.

नाही दाबत बटण!

गुरुवार, ६ जून

ही म्हणते, "त्यांचं त्यांना द्या की. खेळणं धरून बसल्यासारखं काय!"

फोन उशीखाली ठेवला. जेवलो मात्र.

शुक्रवार, ७ जून

सूनबाईनं युक्ती सांगितली. "आधी एखादी बैठक उघडून सराव करा. हवं ते लिहा. सेव्ह तेवढं करू नका."

पुढच्या मंगळवारची आढावा बैठक उघडली. विषय पुसून लिहिलं — उरलेली साडेनऊ कडवी. वेळ दुपारी चार. स्थळ आमचं घर, दुसरा मजला, पत्ता सविस्तर. उपस्थिती अनिवार्य! कितीतरी वेळ नुसतं बघत बसलो. मनातल्या मनात सगळ्यांना खुर्च्याही मांडून दिल्या.

मग खालचं निळं बटण दाबून बंद केलं.

रविवार, ९ जून

दिलं एकदाचं. कॅलेंडर साहेबांच्या नावावर. सूनबाईनं पाठ थोपटली. ही म्हणाली, "सुटलो!"

सोमवार, १० जून

फोन एकदाही वाजला नाही. सूनबाईला म्हटलं, बिघडलाय का बघ गं. "नाही बाबा, सुधारलाय!"

घर फार शांत आहे.

मंगळवार, ११ जून

चार वाजता दाराची घंटा. दारात साहेब! केस पांढरे, काखेत लॅपटॉप. मागे जिन्यात दहा जण धापा टाकताहेत. ही आतून ओरडतेय, "अहो, कप सहाच आहेत!" चष्मा शोधायच्या निमित्तानं आत पळालो, उभ्या उभ्या लिहितोय. बूट काढता काढता साहेब म्हणाले —

"वहिनी, चहा मागाहून. आधी तिसरं कडवं. दुसऱ्या ओळीवर थांबलो होतो ना आपण?"