अकरावं नाव

रविवार, फेब्रुवारीचा शेवटचा

प्रिय कॉर्बिन,

तुझं पत्र येऊन चार आठवडे होत आले. उत्तराला उशीर झाला तो कामामुळे नाही, मला आता तेवढं काम उरलेलं नाही. उत्तर ठाऊक नव्हतं म्हणून उशीर झाला. अजूनही ठाऊक आहे असं नाही. पण तुला पंधरा मार्चच्या आत काकांना हो की नाही ते सांगायचं आहे, तेव्हा जेवढं कळलंय तेवढं लिहून टाकते. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. तू विचारलंस, "मिस आर्डिस, दर मार्चात हार्लनचा फोन यायचा. यंदा येणार नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. तो असता तर काय म्हणाला असता? पेनसिल्व्हेनियातल्या त्या लीगबाहेरच्या बेसबॉल संघाकडून अजून एक उन्हाळा खेळू, की काकांच्या धान्याच्या कोठारावर कामाला लागू?" तुझ्या मारेनला जूनमध्ये बाळ होणार हे तू दोन ओळींत उरकलंस. मी त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या.

आधी एक कबुली. वीस वर्षांचा असताना तू इथल्या संघात खेळायला येऊन आमच्या वरच्या खोलीत राहायला आलास, त्या उन्हाळ्यापासून तू हार्लनच्या कागदी संघात आहेस. चर्चच्या तळघरात ते नऊ म्हातारे काय खेळतात असं तू एकदा मला विचारलं होतंस आणि मी "पत्ते" म्हणाले होते. पत्ते नव्हते ते. प्रत्येकानं खरेखुरे खेळाडू कागदावर आपले म्हणून घ्यायचे, आणि तो खेळाडू मैदानावर जे करेल ते आपल्या नावावर मांडायचं. मोठ्या संघांतले तर असतातच. पण त्यांची खरी हौस म्हणजे खालच्या पायरीवरची पोरं. मायनर लीगमधली दहा नावं प्रत्येकानं हेरून ठेवायची, आणि त्यांतलं एखादं वर पोचेल म्हणून वर्षानुवर्षं वाट बघायची. हार्लनचा एकच नियम होता. आपल्या घरात जेवणाऱ्या पोराला तो यादीत आहे हे कधी सांगायचं नाही. "पोराच्या ताटात ते ओझं नको," म्हणायचा.

गेल्या मे महिन्यात हार्लन गेला, आणि जूनमध्ये ड्युएन घरी आला. ड्युएन म्हणजे शाळेची बस चालवतो तो, तोच या मंडळाचा कारभारी. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. म्हणाला, "आर्डिस, हार्लनची खुर्ची आम्ही कोणाला देणार नाही. तू बस." मी म्हटलं, अरे, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणतो, "मग काय झालं? मिल्टनला तरी कुठे कळतं? एकोणीस वर्षं बसतोय." मिल्टन म्हणजे दातांचा डॉक्टर, आता निवृत्त, पण टोचायची सवय काही गेली नाही.

माझं शिक्षण तुला माहीत आहे, नववीनंतर अंड्यांच्या कारखान्यात. पुढचं सगळं मी ग्रंथालयातून आणून वाचलं, हेही तसंच वाचेन म्हटलं. हार्लनच्या वह्या काढल्या. चौदा निघाल्या. त्यात प्रत्येक पोराला वीस ते ऐंशीच्या मधले गुण. पन्नास म्हणजे मोठ्या मैदानावर जेमतेम चालेल असा. फेकीचा वेग, वळण, ताबा, पाय, हात, सगळ्याला वेगळे. एका वहीच्या मागच्या पानावर पाद्रीबाबांच्या प्रवचनांनाही गुण होते. ईस्टरचं चाळीस. मी एकटीच स्वयंपाकघरात बसून हसले आणि मग बराच वेळ ते पान उलटवेना.

पहिल्याच खेपेला माझी फजिती झाली. इथल्या मैदानावर एक दांडगा फटकेबाज होता, दोन आठवड्यांत नऊ चेंडू कुंपणापार धाडलेले. मी मोठ्या ऐटीत त्याचं नाव घेतलं. तळघरात मिल्टन म्हणाला, "अगं बाई, तो सव्वीस वर्षांचा आहे! एकोणीस-एकोणीस वर्षांच्या पोरांच्या वर्गात बसलेला नापास गडी तो. पहिला नंबर नाही येणार तर काय होणार?" सगळे पोट धरून हसले, मीसुद्धा. पण घरी येताना गाडीत मला ते हसणं पचेना. म्हणजे माणूस समोर काय करतो ते बघायचंच नाही? तो कोणत्या वयात, कोणाच्या विरुद्ध करतो ते बघायचं? मग मी ज्याच्यासाठी कौतुकानं टाळ्या वाजवल्या तो कोण होता? त्याला घरी बायको असेल, तोही कुठल्या तरी फोनची वाट बघत असेल, असं मनात आलं. महिन्याभरानं मी त्याला यादीतून काढलं. त्याला ते कधी कळणारही नाही, तरी मला अपराध्यासारखं वाटलं.

मग मी खरंच शिकले. रोज संध्याकाळी हार्लनच्या जागेवर, पहिल्या बेसच्या मागे तिसऱ्या ओळीत, जाऊन बसायची. ऑगस्टमध्ये एका पाहुण्या संघात युर्विन नावाचा पोरगा दिसला. व्हेनेझुएलाचा, अठराचा, काटकुळा, बेल्टला जास्तीची भोकं पाडलेली. आकडे बघशील तर अगदी भिकार. पण आपल्यापेक्षा चार-चार वर्षांनी मोठ्या गड्यांच्या वाईट चेंडूला तो बॅट लावत नव्हता. नुसता सोडून द्यायचा. घाबरून नव्हे, ओळखून. मी त्याचं नाव घेतलं तेव्हा मिल्टन हसला नाही. चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "हे तुला कोणी सांगितलं?" कॉर्बिन, त्या वेळी मला जो आनंद झाला तो मे महिन्यानंतरचा पहिला होता, आणि तो कोणाला जाऊन सांगावा हेच कळेना.

पण युर्विनमुळे नावं अकरा झाली. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी दहाच नावांचा कागद द्यायचा असतो, उरलेलं नाव सगळ्यांसाठी मोकळं होतं. अकरावं नाव कोणतं हे तळघरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तुला तर क्लबानं शरद ऋतूतच सोडून दिलेलं. सत्तावीस वर्षं वय, शिवलेला खांदा, आणि हाताशी संघ नाही. ड्युएन मला हळूच म्हणालासुद्धा, "हार्लननं याला धरून ठेवलं म्हणून तर तुमचा संघ दरवर्षी खालून पहिला. एकदा मिल्टन त्याच्या बदल्यात एक पोरगा देत होता, तो आता मोठ्या संघात वर्षाला तीस-तीस वेळा कुंपणापार मारतो. हार्लन ऐकेल तर शपथ."

का ऐकलं नाही, हे शोधायला मी पुन्हा वह्यांकडे गेले. वाटलं, त्यानं तुझ्यात काहीतरी पाहिलं असेल, जे बाकीच्यांना दिसलं नाही. ते सापडलं असतं तर मी तुला लगेच लिहिलं असतं की जा, खेळ. पहिल्या वर्षीच्या पानावर तसं आहेही. "डावखुरी फेक. वळण साठ. झोपेतून उठवलं तरी चेंडू खाली ठेवेल." मी ते तुझ्यासाठी उतरवून घेतलं. मग खांद्याचं वर्ष. आणि पुढच्या जूनमधली नोंद, जवळजवळ पाच वर्षांपूर्वीची, त्याच्याच नीट अक्षरात. "वेग गेला. परत येणार नाही. मोठ्या मैदानावर कधीच नाही."

खाली तारीख आहे. त्यानंतर चार मार्च आले आणि चारही वेळा मी भांडी पुसत असताना तो भिंतीला टेकून तुला फोनवर सांगत होता, "पोरा, अजून एक उन्हाळा. जवळ आलायस तू." मी स्वतः ऐकलंय ते. त्याचा आवाज जराही बदलत नव्हता.

मी या माणसाबरोबर त्रेचाळीस वर्षं काढली. दुकानात चुकून जास्त सुटे मिळाले तर तो परत द्यायला जायचा. मग तुझ्याशीच असं का वागला? कधी वाटतं, तुला हसू फुटलेलं त्याला फोनवरूनही ऐकू यायचं आणि ते त्याला सोडवत नव्हतं. कधी वाटतं, स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. कधी त्याचा रागच येतो, की तुझी चार वर्षं तुझी होती, ती त्यानं आपल्या समाधानासाठी खर्चली. आणि रागावले की मला आठवतं, एप्रिलमध्ये डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितल्यावरही मी रोज सकाळी पडदा सरकवून त्याला म्हणायची, "आज चेहरा बराच बरा दिसतोय हं तुझा." तो "हो का?" म्हणायचा. त्याला खरं माहीत होतं की नाही, हे मी विचारलं नाही. आता कोणाला विचारू?

तर काल शनिवार होता. नेहमीप्रमाणे चिलीचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे रोल. मी घरूनच कागद लिहून नेला होता, दहा नावांचा. ड्युएननं तो वाचला, आणि दहावं नाव युर्विनचं निघालं तसा थांबला. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वाचलंस ते बरोबर आहे, पुढे चल." त्यानं मोकळी झालेली नावं फळ्यावर लिहिली, त्यात तुझं. मग रीतीप्रमाणे एकेकानं मोकळ्या नावांतून एक उचलायचं होतं. तिसरी पाळी मिल्टनची. त्यानं रोलचा तुकडा खाली ठेवला, बोटं पुसली, आणि म्हणाला, "कॉर्बिन टटल."

ड्युएन म्हणाला, "मिल्टन, त्याला संघ नाही."

"मला वाचता येतं."

"त्याचा खांदा..."

"अरे, मी दाताचा डॉक्टर असलो तरी खांदा कुठे असतो ते माहितीये मला. लिही नाव. एकोणीस वर्षं त्या माणसाला या पोरावरून छळलं मी." सातच वर्षं झाली होती, पण कोणी दुरुस्त केलं नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "तू केलंस ते बरोबरच केलंस, आर्डिस. पण त्याचं नाव नसलेला फळा मला बघवत नाही." मला रडू आलं की संताप आला, सांगता येत नाही. एवढी रात्र-रात्र विचार करून मी तुझं नाव काढलं, आणि त्या टोचऱ्या माणसानं एका घासात ते परत घातलं. घरी जाताना त्यानं माझ्या गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडून दिलं.

म्हणून तुला हे लिहायला बसले. तू अजून कुणाच्या तरी यादीत आहेस, हे कधीतरी कुठून तरी तुझ्या कानावर येईल, आणि तुला वाटेल की जाणत्या माणसांना तुझ्या हातात अजून काही दिसतंय. तसं नाही. आम्हाला तुझ्या हाताबद्दल काहीही म्हणायचं नाही, आम्हाला तू हवा आहेस, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला आमच्यापैकी एकालाही जमलेलं नाही. हार्लन काय म्हणाला असता, तर "अजून एक उन्हाळा" म्हणाला असता, आणि ते त्याला स्वतःला खरं वाटत नव्हतं. खेळायचंच असेल तर तुला खेळावंसं वाटतं म्हणून जा, मारेनला विचारून जा. मेलेल्या माणसाच्या शब्दासाठी जाऊ नकोस. हे वाचून तू त्याच्यावर रागावशील, कदाचित माझ्यावरही, आणि मी पाकीट बंद करायच्या आधी दोनदा विचार केला. पण हे लपवून ठेवलं असतं तर मी फक्त त्याची बायको राहिले असते. तुझी कोणी उरले नसते.

तुझीच,
आर्डिस