पुरून उकरलेला डबा

मी, पृथ्वीराज उदयसिंह मगदूम, वय तेवीस, राहणार पेठ वडगाव, डोकं ठिकाणावर असताना, कुणी न दटावता हे लिहून ठेवतो. डोक्याबद्दल आबांचं, म्हणजे वडिलांचं, मत वेगळं आहे, पण डॉक्टरांचा दाखला जोडलाय. बिघडलंय ते रक्त. उद्या पुण्याला भरती व्हायचं. तिथं औषधांनी माझी मज्जा रिकामी करतील आणि धाकट्या बहिणीच्या, संयोगिताच्या, जन्मावेळी साठवलेलं नाळेतलं रक्त चढवतील. ती सहा वर्षांची आहे.

१. मोटरसायकल आबांना. मागचा ब्रेक लागत नाही. तिच्यावरून मी दोन वर्षं म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या वीर्याचा नायट्रोजनचा कॅन गावोगाव फिरवला. नाळेचं रक्तही नायट्रोजनमध्येच ठेवतात म्हणे. म्हणजे मी आणि हातकणंगल्याची निम्मी रेडकं एकाच थंडाव्यावर जगणार.

२. तंबू महांतेशला, माझ्याबरोबर हिंडणाऱ्या दोस्ताला. हंपीत त्यानं माझी चप्पल नदीत सोडली होती, ते माफ. तिथली नदी काय सांगू... असो.

३. कुदळ आक्काला, आबांच्या थोरल्या बहिणीला. संयोगिता झाली तेव्हा मी सतराचा. या वयात आईला दिवस गेले म्हणून पोरं चिडवायची, मी घरात कुणाशी बोलत नव्हतो. दवाखान्यात रक्ताची पिशवी भरून ठेवलेला सीलबंद डबा आक्कानं बाळंतपणात पडलेली वार समजून घरी आणला आणि रीतीप्रमाणं घरामागच्या परड्यात पुरायला लावला. खड्डा मीच काढला. तासाभरात नाळेचं रक्त साठवणाऱ्या बँकेचा माणूस दारात. आक्का म्हणाली, "पावणं, वार हाय की ती. बँकेत ठेवत्यात व्हय?" शिव्या देत मीच परत उकरला. दुसऱ्या दिवशी गोव्याला पळालो. बारशाला नव्हतो.

४. पिशवीतलं रक्त थोडं असतं, जाड माणसाला पुरत नाही. माझं वजन सत्तेचाळीस. आईचं जेवण टाळून हिंडलो ते एवढ्यापुरतं कामी आलं. आईला ठेवण्यासारखं माझ्याकडं काही नाही.

५. हे कलम आक्कानं दोनदा वाचून घ्यावं. संयोगिता गल्लीभर सांगत फिरतेय, "दादाला मी बरा करणार हाय." मी वाचलो नाही, तर तुझं रक्त लागू पडलं नाही असं तिला कुणी म्हणायचं नाही, मोठी झाल्यावरही नाही. सांगायचं, रक्त एक नंबर होतं, माणूसच एका जागी थांबणारा नव्हता. माझ्याबद्दल हे कुणालाही पटेल.

सही : पृथ्वीराज उ. मगदूम

आमच्यासमोर सही केली :
पिराजी खोत, शाहूपुरी (नायट्रोजनचा कॅन भरून देणारा, साक्षीदाराला काही ठेवता येत नाही हे सही झाल्यावर कळलं)
विद्याश्री हिरेमठ, नर्स

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ ऑक्टोबर २०२५